डायनॅमोच्या जागी ऑल्टरनेटर बसवला. आता दिवे लावले की व्होल्टेज वाढते

जुनी_फियाट_फोंडा

नमस्कार. माझ्याकडे १९७१ सालची फियाट ११०० आहे. वडिलांनी ती वास्कोला नोकरीत असताना घेतली होती. पंधरा-सोळा पावसाळे तिने बंदराच्या खाऱ्या हवेत काढले आणि त्यानंतर ती आमच्या फोंड्याच्या घरी आली. गेल्या वर्षी डायनॅमोचे, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी भरणाऱ्या जुन्या जनित्राचे, आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) जळाले. तेच पुन्हा भरून घेण्याऐवजी ३५ अँपिअरचा एक ऑल्टरनेटर (त्याच कामाचे नव्या प्रकारचे जनित्र) मिळाला तो बसवला, कारण मूळ डायनॅमो जेमतेम १६ अँपिअर देई आणि पावसात वायपर व हेडलाइट एकदम चालू केले की बॅटरी उतरत असे.

ऑल्टरनेटरचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, वेगळा, बाहेर बसवायचा आहे. ऑल्टरनेटरवर बी प्लस, एल आणि एफ अशी तीन तोंडे आहेत. रोटरचे (आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाच्या गुंडाळीचे) एक टोक आतूनच एलला जोडलेले असून दुसरे एफवर बाहेर काढले आहे. रेग्युलेटरवरही तीन तोंडे आहेत : एक इग्निशनसाठी, एक एफ आणि एक अर्थ (गाडीचा सांगाडा, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह बाजू). जुन्या रेग्युलेटरच्या पेटीवरील ५१, ६७, ३० आणि ३१ या चारही वायर काढल्या. बी प्लसपासून स्टार्टरवर बॅटरीची जाड केबल येते त्या बोल्टापर्यंत सहा चौरस मिलीमीटरची नवी वायर टाकली. रेग्युलेटरची इग्निशनची वायर चावीच्या स्विचमधून पुढे फ्यूजपेटीत येणाऱ्या पुरवठ्यावर जोडली आणि डॅशबोर्डवरचा लाल दिवा त्याच पुरवठ्यापासून एलपर्यंत घेतला.

अडचण अशी आहे की मध्यम वेगावर, दिवे बंद असताना, बॅटरीवर १४.७ व्होल्ट दिसतात आणि हेडलाइट लावले की ते १५.५ पर्यंत चढतात. भार वाढल्यावर व्होल्टेज थोडे खाली यावे अशी माझी समजूत आहे. शिवाय परवा रात्री नाटक पाहून परतताना बाणस्तारीच्या पुलावर लाल दिवा निखाऱ्यासारखा मंद पेटलेला दिसला, आणि हेडलाइट बंद करताच तो विझला. बॅटरीची झाकणे दर आठवड्याला ओली होतात. गॅरेजमध्ये रेग्युलेटर खराब असल्याचे सांगितले गेले म्हणून मी दुसरा आणून लावला, तरी आकडे तेच राहिले. तिसरा घेण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे. चवथीला गाडीने डिचोलीला मामाकडे जायचे आहे.

वायरिंग_म्हापसा

नमस्कार. तिसरा रेग्युलेटर कृपया घेऊ नका. आपले दोन्ही रेग्युलेटर बहुधा चांगलेच आहेत आणि त्यांना जे व्होल्टेज दाखवले जात आहे त्यानुसार ते बिनचूक काम करत आहेत.

रेग्युलेटर बॅटरी पाहत नाही. स्वतःच्या इग्निशनच्या तोंडावर आणि अर्थच्या तोंडावर जे येते त्यांतला फरक तो पाहतो. तो फरक साधारण १४.२ व्होल्ट राहावा एवढेच त्याचे काम. आता बॅटरीपासून चावीचा स्विच, तिथून फ्यूजपेटी आणि तिथून रेग्युलेटर या वाटेत कुठे एक व्होल्ट गळत असेल, तर रेग्युलेटरला बॅटरी कमी भरलेली वाटते आणि १४.२ पुरे करण्यासाठी तो रोटरचा प्रवाह वाढवत जातो. त्याच्या तोंडाशी १४.२ झाले की बॅटरीवर १५.२ झालेले असतात. त्या वाटेने जितका जास्त प्रवाह जाईल तितकी गळती जास्त. म्हणूनच मला विचारायचे आहे की आपल्या गाडीत हेडलाइटचा पुरवठाही चावीच्या स्विचमधूनच जातो का. जात असेल, तर दिवे लावल्यावर व्होल्टेज का चढते ते त्यातूनच उलगडेल.

लाल दिव्याचेही तेच कारण असावे. त्याच्या एका बाजूला एल, म्हणजे ऑल्टरनेटरचे स्वतःचे व्होल्टेज असते, आणि दुसऱ्या बाजूला इग्निशनचा पुरवठा असतो. दोन्ही सारखे असतील तर दिवा विझलेला राहतो. एका बाजूला साडेपंधरा आणि दुसऱ्या बाजूला सव्वाचौदा असतील, तर उरलेल्या सव्वा व्होल्टावर तो दिवसा न दिसण्याइतका आणि रात्री डोळ्यात भरण्याइतका पेटतो. आपल्याला दोन दोष वाटतात ते मला एकच वाटतात.

हे तपासायला मल्टिमीटर पुरे. इंजिन मध्यम वेगावर ठेवा, हेडलाइट लावा, मीटर २० व्होल्टच्या डीसी पट्टीवर घ्या. लाल सुई बॅटरीच्या पॉझिटिव्हवरच धरून ठेवा आणि काळी सुई क्रमाने चावीच्या स्विचच्या आत येणाऱ्या तोंडावर, बाहेर जाणाऱ्या तोंडावर, फ्यूजच्या दोन्ही टोकांवर आणि शेवटी रेग्युलेटरच्या इग्निशन तोंडावर टेकवा. प्रत्येक ठिकाणी मीटर तोपर्यंतची एकूण गळती दाखवील आणि जिथे आकडा एकदम उडी घेईल तिथे दोष आहे. नंतर बॅटरीचा निगेटिव्ह आणि रेग्युलेटरचे अर्थ यांच्यातही असेच मोजा. रोटरचा सगळा प्रवाह आपल्या रेग्युलेटरमधून अर्थला जातो, त्यामुळे रंगाच्या थरावर बसवलेला रेग्युलेटरसुद्धा हाच घोळ करतो. या बाजूला दोन दशांशापेक्षा जास्त दिसू नये.

घाटवाट_सांखळी

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. फक्त एका सवयीबद्दल कळकळीने लिहितो. डायनॅमोच्या काळात चार्जिंग चालू आहे की नाही हे पाहायला इंजिन चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढत असत. आजही कित्येक हात सहज तिकडे जातात. ऑल्टरनेटरवर हे कधीही करू देऊ नका. बॅटरी त्या क्षणी सुटली की व्होल्टेज झटक्यात उसळते आणि आतले डायोड किंवा रेग्युलेटरचा ट्रान्झिस्टर, काही वेळा दोन्ही, जातात. माझा एक ऑल्टरनेटर असाच, पाच सेकंदांत गेला.

जुन्या ब्रिटिश घडणीच्या काही गाड्यांत बॅटरीचा पॉझिटिव्ह अर्थला जोडलेला असतो. अशा गाडीत निगेटिव्ह अर्थचा ऑल्टरनेटर जसाच्या तसा बसवला तर पहिल्याच जोडणीला डायोड जळतात. फियाटमध्ये ती काळजी नाही, पण हे वाचून कोणी दुसऱ्या गाडीवर हात घालणार असेल त्याने आधी बॅटरीची केबल कुठे गेली आहे ते पाहावे.

जुनी_फियाट_फोंडा

रविवारी सकाळी सगळे मोजले. हेडलाइटचा पुरवठा खरोखरच चावीच्या स्विचमधून गेलेला आहे. पूर्वीच्या कुठल्याशा दुरुस्तीत तसे केलेले दिसते. बॅटरीपासून स्विचच्या आतल्या तोंडापर्यंत ०.२, स्विचच्या बाहेर १.०, आणि फ्यूज ओलांडल्यावर १.३ व्होल्ट. अर्थच्या बाजूला ०.१.

फ्यूज हातात घेतला तेव्हा त्याच्या पितळी चिमट्यावर हिरवट चुरा होता, आणि स्विचच्या मागची एक लग (वायरच्या टोकाची धातूची जोडणी) उपसून पाहिली तर वायरचे प्लॅस्टिक बोटभर लांबीपर्यंत तपकिरी होऊन कडक झाले होते. वास्कोची हवा अजून गाडीत आहे. आता रेग्युलेटरची इग्निशनची वायर थेट बॅटरीवर जोडली तर चालेल का?

वायरिंग_म्हापसा

थेट जोडू नका. चावी बंद असतानाही रेग्युलेटर चालू राहील आणि बॅटरी हळूहळू उतरेल. चार पायांची साधी रिले (थोड्या प्रवाहाने दुसरा पुरवठा चालू-बंद करणारा स्विच) घ्या. तिची कॉइल चावीच्या पुरवठ्यावर आणि अर्थवर जोडा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून पाच अँपिअरच्या फ्यूजमधून एक वायर रिलेच्या संपर्कावर आणा आणि तिथून रेग्युलेटरच्या इग्निशन तोंडावर न्या. त्या वायरमधून फारच थोडा प्रवाह जातो, त्यामुळे तिच्यात गळती जवळजवळ राहत नाही आणि रेग्युलेटर खरी बॅटरी पाहू लागतो. लाल दिव्याचा पुरवठाही याच रिलेवरून घ्या. म्हणजे फ्यूज उडाला तर चावी फिरवल्यावर दिवा पेटणारच नाही आणि दोष गाडी निघण्यापूर्वी कळेल. दिवा २.२ वॅटचा फिलामेंटचाच ठेवा, कारण सुरुवातीला रोटरला चुंबकत्व देणारा प्रवाह त्याच्यातूनच जातो. एलईडी लावल्यास इंजिन बरेच उठवेपर्यंत चार्जिंग सुरू न होण्याची शक्यता असते.

मात्र एवढ्यावर थांबू नका, ही माझी आग्रहाची विनंती आहे. रिलेमुळे बॅटरी उकळणे थांबेल, पण स्विचमधली आणि फ्यूजपेटीतली गळती तशीच राहील. दिवे, कॉइल वगैरे मिळून तेरा अँपिअर धरले तर १.३ व्होल्टांची गळती म्हणजे सतरा वॅट उष्णता. डॅशबोर्डमागे, पन्नास वर्षांच्या जुन्या वेष्टणाजवळ, एवढी उष्णता ही लहान सोल्डरिंग आयर्न चालू ठेवून गाडी चालवण्यासारखी आहे. हेडलाइटना स्वतंत्र रिले द्या, डिम आणि फुलला वेगवेगळी. तपकिरी झालेली वायर कापून काढा, नवी लग नीट दाबून बसवा आणि फ्यूजचे चिमटे बारीक सँडपेपरने पिवळी चमक येईपर्यंत घासा. काम करताना बॅटरीचा निगेटिव्ह काढलेला असू द्या. मीटरवर पाहण्यापूर्वी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालून पातळी भरून घ्या. कित्येक आठवडे साडेपंधरावर उकळलेल्या बॅटरीच्या प्लेटा उघड्या पडलेल्या असू शकतात.

जुनी_फियाट_फोंडा

तिन्ही रिले बसवल्या, लग बदलल्या आणि स्विच नवा घातला. दोन सेलमध्ये प्लेटा बोटाच्या पेराएवढ्या उघड्या पडल्या होत्या, पण बॅटरी तगली आहे. आता मध्यम वेगावर दिवे बंद असताना १४.२ आणि हेडलाइट व वायपर दोन्ही चालू असताना १४.१ व्होल्ट. स्विचमधली गळती ०.०५ वर आली. काल रात्री बाणस्तारीच्या पुलावरून मुद्दाम सावकाश गेलो. लाल दिवा पूर्ण विझलेला होता, आणि रस्त्यावरचा उजेड वडिलांच्या काळातही मी कधी इतका पाहिला नव्हता.

जुन्या रेग्युलेटरची काळी पेटी फेकून देववली नाही. आतली कॉइल काढून तिन्ही रिले आणि फ्यूज तिच्यातच बसवले आहेत, ती मूळच्याच दोन स्क्रूंवर आहे आणि बोनेट उघडल्यावर गाडी पूर्वीसारखीच दिसते. झाकणाच्या आत नव्या जोडणीचा नकाशा कागदावर काढून चिकटवला आहे.