'भगवान': मूळ अर्थ काय?

'भूमी, गगन, वायू, अग्नी, नीर' या पाच शब्दांच्या आद्याक्षरांतून 'भगवान' झाला, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. वाचायला गोड आहे, व्याकरणात मात्र बसत नाही. मूळ शब्द 'भगवत्'. 'भगवान्' हे त्याचं पुल्लिंगी प्रथमा एकवचन. 'नमो भगवते वासुदेवाय' म्हणताना चतुर्थी होते आणि शेवटचा 'न' गायब होतो. मग तेवढ्यापुरतं नीर आटलं म्हणायचं का?

अक्षरं फोडून अर्थ लावायची हौस आजची नाही, हेही खरं. विष्णुपुराणात (६.५) 'भ' म्हणजे भरणपोषण करणारा, 'ग' म्हणजे नेणारा व निर्माण करणारा, 'व' म्हणजे ज्यात सर्व भूतं वसतात तो, अशी फोड आहे. तिथेच समग्र ऐश्वर्य, धर्म, यश, श्री, ज्ञान आणि वैराग्य या सहांना मिळून 'भग' म्हटलं आहे. कीर्तनात 'षड्गुणैश्वर्यसंपन्न' ऐकतो, ते या यादीच्या परंपरेतलं. पण हे शब्दावरचं चिंतन झालं, त्याचा उगम नव्हे.

उगम साधा आहे. 'भज्' म्हणजे वाटणं, वाटा देणं किंवा घेणं. त्यावरून 'भग' म्हणजे वाट्याला आलेलं, म्हणून भाग्य, वैभव. ते ज्याच्याकडे आहे तो भगवत्, जसा बल असलेला बलवत्. भाग, विभाग, भाग्य, भक्त, भक्ती ही सगळी याच धातूची लेकरं. आपला 'भात'सुद्धा: संस्कृतात 'भक्त' म्हणजे वाढलेलं अन्न, शिजलेला तांदूळ, प्राकृतात 'भत्त', पुढे 'भात'. देव, भक्त आणि पानातला भात एका घरचे निघावेत, हे मला त्या पंचमहाभूतांपेक्षा कितीतरी सुंदर वाटतं.

ऋग्वेदात 'भग' नावाचा देवच आहे, आदित्यांपैकी एक. सातव्या मंडलातल्या ४१व्या सूक्तात ऋषी म्हणतात, 'भग एव भगवाँ अस्तु देवास्तेन वयं भगवन्तः स्याम'. भग हाच भगवान असो, त्याच्यायोगे आम्हीही भगवंत होऊ! इथे भगवंत म्हणजे ईश्वर असा अर्थ घेतला तर ओळच बिघडते. भाग्यवान, संपन्न असाच घ्यावा लागतो.

पुढे तो आदराचा शब्द झाला. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो तो 'अधीहि भगवः' (भगवन्, मला शिकवा) म्हणत. कात्यायनाने पाणिनीच्या व्याकरणसूत्रांवरची आपली वार्तिकं (टिपणं) 'भगवतः पाणिनेः सिद्धम्' अशी संपवली. म्हणजे वैयाकरणही भगवान! पालीत बुद्धासाठी 'नमो तस्स भगवतो', जैनांत भगवान महावीर. त्यामुळे 'माणसाला भगवान कसं म्हणता?' या आक्षेपाला जुन्या वाङ्मयात फारसा आधार नाही. दुसरीकडे इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या सुमारास विदिशेजवळ बेसनगरला गरुडस्तंभ उभारणारा ग्रीक राजदूत हेलिओडोरस स्वतःला 'भागवत' म्हणवतो आणि वासुदेवाला 'देवदेव'. तोवर वासुदेवाचे उपासक 'भागवत' या नावाने ओळखले जात होते.

संस्कृतच्या नात्यातल्या इराणी भाषांत गाडी वेगळ्या रुळावर गेली. प्राचीन फारसीत 'बग' म्हणजे थेट देव. इराणी सम्राट दार्यवहूच्या (डरायसच्या) शिलालेखांत अहुरमज्दा या देवासाठी तो येतो. रशियन 'बोग' (देव) हाही याच कुळातला. तो इराणीतून उसना घेतला की स्वतंत्रपणे उतरला, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

मराठीत 'भगवान' आणि 'भगवंत' दोन्ही चालतात. 'भगवंत' हे अनेकवचन आहे अशी काहींची समजूत दिसते. संस्कृतात 'भगवन्तः' अनेकवचन आहे खरं, पण मराठीने 'भगवन्त्' हे अंग एकवचनी नाम म्हणून घेतलं. हनुमान-हनुमंत, बलवान-बलवंत या जोड्या तशाच. आणि समासात मूळ 'भगवत्' डोकावतो, पुढच्या 'ग'मुळे त्याच्या 'त्'चा 'द्' होतो. म्हणून 'भगवद्गीता' लिहावं, 'भगवतगीता' नको.