गोशाळेला शेतजमीन बक्षीस मिळाली, पण सातबाऱ्यावर नाव लागत नाही

प्रश्न (पारोळा):
आमची गोशाळा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. शिवारातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने गुरांना दादर ज्वारीच्या कडब्याची सोय व्हावी म्हणून आपली तीन एकर कोरडवाहू जमीन न्यासाला बक्षीसपत्राने दिली. दस्त रीतसर नोंदला गेला, मात्र ‘खरेदी घेणार शेतकरी असल्याचा पुरावा नाही’ असा शेरा मारून फेरफार (सातबाऱ्यावरील नावबदलाची नोंद) नामंजूर झाला. हे बक्षीस आहे, खरेदी नव्हे. शिवाय गोशाळांना कुळकायद्यात सूट असल्याचे ऐकतो. आमचे एक विश्वस्त स्वतः खातेदार शेतकरी आहेत, त्यांच्या नावे जमीन घेतली तर चालेल काय?

उत्तर (जळगाव):
महसुलात नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, शेऱ्यातला शब्द चुकला आहे, निर्णय नाही. खान्देशाला लागू असलेल्या १९४८ च्या कुळवहिवाट अधिनियमाचे, म्हणजे कुळकायद्याचे, कलम ६३ विक्रीइतकेच बक्षीस, अदलाबदल आणि भाडेपट्ट्यालाही लागते, आणि बिगरशेतकऱ्याकडे जमीन जायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. दस्त नोंदला म्हणून ही उणीव भरून निघत नाही. तुम्ही ऐकलेली सूट कलम ८८ब मधली. गोशाळा, पांजरपोळ, शिक्षणसंस्था, रुग्णालये यांची जी जमीन आधीच न्यासाची आहे आणि जिचे संपूर्ण उत्पन्न त्याच कामी लागते, तिच्यासाठी ती आहे, आणि तिलाही जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र लागते. नवी जमीन घेण्याचा तो परवाना नव्हे.

उत्तर (धुळे, वकील):
विश्वस्ताच्या नावाचा मोह टाळा. बक्षीसपत्र त्यांच्या व्यक्तिगत नावे झाले, तर उद्या त्यांचे वारस त्या जमिनीवर हक्क सांगतील आणि न्यासाच्या हाती तोंडी शब्दाखेरीज काही उरणार नाही. दाते हयात व राजी आहेत, हे तुमचे मोठे बळ. कुळकायद्याच्याच कलम ८४क खाली चौकशी होऊन व्यवहार अवैध ठरला, तर पूर्वस्थिती आणण्यासाठी जास्तीत जास्त तीन महिने मिळतात; ती संधी गेली की जमीन शासनजमा होते. म्हणून चौकशीची वाट न पाहता व्यवहार मागे घ्या, परवानगी मिळवा आणि मगच नवा दस्त करा. त्यानंतर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज (न्यासाच्या मालमत्तेत झालेल्या बदलाची माहिती) द्यावा. पुढे कधी ती विकायची किंवा दहा वर्षांहून अधिक मुदतीने शेतीसाठी पट्ट्याने द्यायची वेळ आली, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागेल.

उत्तर (तळोदा):
आमच्याकडे याआधीचा प्रश्न असतो. दाता आदिवासी असेल तर महसूल संहितेचे कलम ३६अ आड येते आणि शासनाच्या मान्यतेपर्यंत जावे लागते. शिवाय सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग कोणता आहे? वर्ग २ म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली जमीन.

प्रश्नकर्ता:
वर्ग १ आहे आणि दाते आदिवासी नाहीत. सोमवारी त्यांना सोबत घेऊन तहसीलला जातो.