मदत हवी आहे: चौथीचा वर्ग फुटतोय, शिक्षकांना निरोपाची भेट काय आणि कशी द्यावी? (नागपूर)

चौथी_ब_पालक

नमस्कार. मुलगी चौथीत आहे. स्टेट बोर्ड, मराठी माध्यम, आणि शाळा चौथीपर्यंतच. पाचवीला मुलं चार दिशांना जाणार. वर्गशिक्षिका पहिलीपासून त्याच आहेत, म्हणून सगळ्यांनी मिळून काहीतरी द्यावं असं पालकांच्या मनात आहे. पण गाडी 'देऊ या' वरच अडकली आहे.

वर्गात ३८ मुलं. सात-आठ घरांना शंभर रुपयेही जड जातील, हे सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. वर्गशिक्षिका धरून एकूण पाच शिक्षक, त्यातले एक सर. शिवाय दोन मावशी. ग्रुपवर आतापर्यंत आलेल्या सूचना: चांदीचं नाणं, साडी, फोटो छापलेला मग, कुंडीतलं झाड, संत्रा बर्फी. निकाल १ मेला सकाळी, म्हणजे भर उन्हाळा. शाळेला अजून विचारलेलं नाही.

वस्तू काय घ्यावी, पैसे कसे जमवावे आणि कधी द्यावं, तिन्ही सांगा.

खडूफळा

शिक्षिका आहे, त्या बाजूने लिहिते.

सगळ्यात आधी मुख्याध्यापिकांना विचारा. तोंडी विचारलं तरी चालतं. खाजगी शाळांत ज्याचा-त्याचा नियम असतो, काही ठिकाणी साफ मनाई असते. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वर्तणूक नियम लागू असतात. केंद्रीय विद्यालयवाले तर केंद्र सरकारच्या १९६४ च्या वर्तणूक नियमांखाली येतात, त्यातला नियम १३ भेटवस्तूंबद्दलच आहे. तुम्ही हौसेने महागाची वस्तू द्याल आणि उत्तर द्यायला बाई उभ्या राहतील. म्हणून चांदीचं नाणं आजच यादीतून काढा.

भेट निकाल हातात पडल्यावरच द्या. आधी दिलेल्या वस्तूला गुणांचा वास येतो, मग ती पेन का असेना. मुलांना आत बोलावून एकेकाच्या हातून काही देण्याचा कार्यक्रमही नको. ज्याने आणलं नाही तो कोपऱ्यात उभा राहतो आणि बाईंना ते दिसत असतं.

आमच्या कपाटात काय साठतं तेही सांगते: मग, पेन सेट, फोटोफ्रेम, गणपतीच्या मूर्ती. मूर्तींचं तर विचारू नका, ठेवायला जागा नाही आणि टाकायला मन होत नाही. साडी आवडीचा मामला. रंग, काठ, ब्लाउजची शिलाई, शिवाय चौघींना साड्या आणि सरांना वेगळं काही म्हणजे बजेट कोसळलं. एकीलाच दिली तर स्टाफरूममध्ये बाकीच्या चौघांसमोर ती पिशवी उघडायची कशी?

हिशेबनीस

पैशांचं मी सांगतो, भांडणं तिथेच होतात.

पहिली गोष्ट, हे बोलणं वर्गाच्या ग्रुपवर करू नका. त्या ग्रुपमध्ये वर्गशिक्षिका असतात हे निम्मे पालक विसरतात. नवा ग्रुप काढा, निकालानंतर बंद करा. खजिनदार एकच. दोघांकडे पैसे गेले की हिशेब जुळत नाही.

रक्कम 'शंभरपर्यंत, जमेल तेवढे, नाही जमले तरी चालेल' अशी लिहा. वरची मर्यादा घालायचीच, नाहीतर कुणी पाचशे टाकतो आणि बाकीच्यांची पंचाईत होते. आणि कृपा करून 'मिळाले: अमुक, तमुक, बाकी: अमुक' ही यादी ग्रुपवर फिरवू नका. सात-आठ घरांचा प्रश्न तिथेच चिघळतो. ग्रुपवर फक्त एकूण आकडा टाका. यूपीआयने पाठवताना टिपणीत मुलाचं नाव लिहायला सांगा, कारण पैसे आजोबांच्या नाहीतर मामाच्या खात्यावरून येतात आणि खजिनदाराला पत्ता लागत नाही. रोख देणाऱ्यांसाठी शाळा सुटताना फाटकाजवळ दोन दिवस ठेवा.

३८ पैकी ३० घरं धरा. सगळ्यांनी पूर्ण शंभर दिले तर ३००० होतात. त्यातून वर्गशिक्षिकेसाठी ९००, इतर चौघांना प्रत्येकी २५०, म्हणजे १०००. दोन मावशींना प्रत्येकी ४००, म्हणजे ८००. छपाई-बाइंडिंगला ३००. बरोबर तीन हजार. कमी जमले तर वर्गशिक्षिकेच्या रकमेतून कापा, मावशींच्या नाही. खरेदी पैसे जमल्यावरच करा, स्वतःच्या खिशातून आधी नको. बिलाचा फोटो ग्रुपवर टाकला की विषय संपला. कार्डावर मात्र पैसे दिले-न दिले न पाहता 'चौथी ब ची सगळी मुलं' एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा

खायच्या वस्तूचं विचारून राहिले तर ऐका ताई. चॉकलेट बिलकुल नको. त्यातलं कोको बटर ३४ अंशाच्या आसपास वितळते आणि आपल्या इथं १ मेला दुपारी पारा चाळिशीच्या वर. गाडीच्या डिक्कीत तर त्याहून जास्त. फ्रिजमध्ये टाकून पुन्हा कडक केलं तर वर पांढरा थर येतो. खराब होत नाही ते, पण पाहणाऱ्याला बुरशी वाटते.

संत्रा बर्फीत खवा असते. नागपूरच्याच माणसाला नागपूरचीच बर्फी काय द्यायची, हा प्रश्न वेगळा! द्यायचीच असेल तर त्याच दिवशी सकाळी घ्या, बंद डब्यातली, तारीख पाहून. सुट्या मिठाईच्या ट्रेवरही 'कधीपर्यंत खावे' हे लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे, नसेल लिहिलं तर दुकानदाराला विचारायचं. आणि शिक्षकांपैकी एखाद्याला शुगर असणारच.

त्यापेक्षा एप्रिल म्हणजे वाळवणाचा महिना. बचत गटाच्या बायांकडून सरगुंडे (काडीवर गुंडाळून वाळवलेला शेवयांसारखा प्रकार), शेवया, मूगवड्या घ्या. उन्हाने बिघडत नाहीत, सुट्टीत घरी कामी येतात. अर्धा किलोचं पाकीट पुरे. पॅकिंगला जाड पिशवी पाहिजे, शेवया पिशवीला टोचतात अन् हवा शिरली की पावसाळ्यात सादळतात. सरगुंडे तर पार चुरा होतात, त्यांना डबाच घ्या.

हिरवी_गच्ची

झाडाला माझं मत. स्नेक प्लांट किंवा झेडझेड, पाच-सहा इंचाची कुंडी. पाणी कमी लागतं. सेमिनरी हिल्सकडे रोपवाटिका आहेतच.

खडूफळा

हिरवी_गच्ची, झाड चांगलं, वेळ वाईट. १ मेला दिलेलं झाड कुणी माहेरी, कुणी गावी जाताना दीड महिना कुलूपबंद घरात ठेवतं. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी. आणि पाच कुंड्या दुचाकीवरून न्यायच्या म्हणजे शिक्षा! दुकानातल्या त्या गोऱ्यापान सिरॅमिक कुंड्यांना खाली भोकही नसतं. पाणी तळाशी साचतं, मुळं कुजतात आणि पानं पिवळी पडली की माणूस आणखी पाणी घालतो.

हिरवी_गच्ची

मान्य. मग शाळा उघडल्यावर, पावसाने जोर धरला की शाळेच्या आवारात लावायला द्या. तुमची शाळा सुटणार असली तरी मावशी लावतील. कुंडी घेतलीच तर भोक पाहून, नाहीतर साध्या मातीची.

गांधीबाग_किरकोळ

चौघा शिक्षकांना २५० च्या आत बसणारी, वापरली जाणारी आणि उन्हाने न बिघडणारी वस्तू म्हणाल तर सुती दुपट्टा. आपल्याकडे मार्च ते जून तोंडाला दुपट्टा बांधल्याशिवाय कोण गाडी काढतं? सरांनाही तोच, फुलांऐवजी चौकडीचा किंवा साधा. वर्ध्याकडची खादी मिळाली तर उत्तमच, पण या पैशांत बसेल की नाही ते आधी विचारा.

पाहायचं काय ते सांगतो. लांबी सव्वादोन ते अडीच मीटर. दोन मीटरचा असेल तर डोकं, तोंड, मान झाकून गाठ मारायला टोक उरत नाही. मलमलीसारखा पातळ हवा, जाड असला तर आत श्वास कोंडतो. दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणतोच म्हणतो, तुम्ही कडेचा एक धागा काढून दुकानाबाहेर पेटवून पाहा. सुती धागा कागदासारखा जळतो, राख बोटांत चुरडली जाते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मिश्र कापडातही मणी हाताला लागतो.

दुसरी परीक्षा रंगाची. पांढरा रुमाल ओला करून दुपट्ट्याच्या कोपऱ्यावर दहा-बारा वेळा घासा. रुमालाला रंग लागला तर घामाने कपाळालाही लागणार. मरून, काळा, गडद निळा यांत हे हमखास होतं. भेटीच्या कापडाला आधी धुऊन देता येत नाही, त्यामुळे फिका रंगच घ्या आणि घडीत 'पहिल्या दोन वेळा वेगळा धुवावा' अशी चिठ्ठी ठेवा. गांधीबाग, इतवारीत वर्गशिक्षिकेचाही धरून पाच नग एकदम घेतले की भाव करता येतो. पाचव्यासाठी वेगळा रंग नको, पाचही एकाच मालातले घ्या. रंगांवरून स्टाफरूममध्ये तुलना होते, हसू नका.

जाता जाता, भंडाऱ्याकडच्या टसर रेशमाचा स्टोल कुणी सुचवेल. सुंदर असतो. पण सिल्क मार्कचं (अस्सल रेशमाची खूण) लेबल नसेल तर स्वस्तातला टसर म्हणून घेऊ नका.

चौथी_ब_पालक

मुख्याध्यापिकांना विचारलं. 'मोठं काही नको, मुलांच्या हातचं चालेल' म्हणाल्या. चांदी, साडी, फोटोचा मग, तिन्ही बाद. दुपट्टे पक्के. वर्गशिक्षिकेसाठी मुलांच्या पत्रांचं पुस्तक करायचा विचार आहे, हिशेबनीसांनी बाइंडिंगचे ३०० धरलेच आहेत. पण शाळेत करून घेता येणार नाही, बाईंना कळेल. कसं करायचं?

कागदवेडी

हे करा! बाकी सगळं कपाटात जाईल, हे उशाशी राहील. पण नीट केलं नाही तर महिनाभरात चिकटलेला, डागाळलेला गठ्ठा होतो, म्हणून सविस्तर लिहिते.

कागद १८० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप, आकडा मोठा तेवढा कागद जाड), ए-४ चे दुकानातूनच मधोमध कापून घ्या. साध्या ७०-८० च्या कागदावर स्केचपेन मागे उमटतो. ३८ मुलांसाठी ४५ पानं घ्या, पाच-सहा तरी बिघडतात. प्रत्येक पानावर डावीकडे दोन सेंटीमीटर सोडून उभी रेघ पेन्सिलीने आधीच मारून द्या आणि 'रेघेच्या डावीकडे काही नको' असं पालकांना बजावून सांगा. बाइंडिंगची भोकं जवळजवळ एक सेंटीमीटर खातात. नाहीतर दर चौथ्या पानावर मुलाचं नाव अर्धं कापलं जातं.

लिहायला बॉलपेन. पेन्सिल पुसट होते, जेल पेन ओला असताना पानावर पान ठेवलं की गेलं. चित्राला स्केचपेन किंवा लाकडी रंगपेन्सिल. मुलं मेणाचे खडू आणणारच, त्याचा रंग समोरच्या पानाला लागतो. तेवढ्या पानांवर बटर पेपर घाला आणि तोही बाइंडिंगमध्येच घ्या, सुटा राहिला की पडतो. लॅमिनेशन करू नका. मशीनच्या गरम रुळात मेण वितळून चित्र फरफटतं. फोटो लावायचा असेल तर मॅट छापून ग्लू स्टिकने किंवा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने. फेव्हिकॉलमधल्या पाण्याने कागदाला सुरकुत्या पडतात.

आता मजकूर. 'तुम्ही खूप छान शिकवता' हे ३८ वेळा वाचण्यात काही गंमत नाही. मुलांना प्रश्न द्या: बाईंनी सांगितलेलं कोणतं काम घरी करून पाहिलं? वर्गात सगळ्यात जास्त हसू कधी आलं? आधी येत नव्हतं आणि आता येतं, असं काय? एकाचं उत्तर लिहिलं तरी पुरे, चार ओळी खूप झाल्या. पालकांनी शुद्धलेखन सुधारायचं नाही, ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलंच राहू दे. अक्षर आईचं आहे हे बाईंना पहिल्या ओळीत कळतं.

पानं लिफाफ्यातून एका पालकाकडे जमा करा, मुलांच्या दप्तरातून शाळेत पाठवू नका, मुलं बाईंना दाखवतातच. मुदत बाइंडिंगच्या आठवडाभर आधीची ठेवा. ज्यांचं आलं नाही त्यांना फोन करा, ग्रुपवर नावं नकोत. एखाद्या मुलाचं राहिलंच तर त्याच्या नावाचं पान रिकामं का होईना, ठेवा. क्रम हजेरीपटाचा. कोणाचं चित्र चांगलं म्हणून पुढे, असं नको.

बाइंडिंग वायरोच (तारेच्या कड्यांचं) सांगा, पुस्तक सपाट उघडतं. ३८ पानं आणि मधले बटर पेपर मिळून जाडी साधारण एक सेंटीमीटर होते, म्हणून अर्धा इंची वायर. पाऊण इंची लावली तर पानं लोंबतात. कव्हरला पुढे पारदर्शक शीट, मागे जाड पुठ्ठा. सीताबर्डी, रामदासपेठेत झेरॉक्सवाले करून देतात.

चौथी_ब_पालक

कागदवेडी, लाख धन्यवाद. मावशींना काय द्यावं? दुपट्टाच?

हिशेबनीस

दुपट्टा द्या हवं तर, पण त्यासाठी ४०० मधून पैसे काढू नका. त्यांना लिफाफ्यात रोख द्या. वरचा एक रुपया घालून ४०१ करा, नाणं चिकटवलेला लिफाफा मिळतो. दोघींना सारखेच. मुलांच्या दोन ओळी आत घातल्या तर आणखी बरं. व्हॅनवाल्या काकांचं या निधीतून नको. सगळी मुलं व्हॅनने जात नाहीत, त्या-त्या मुलांच्या घरच्यांनी वेगळं बघावं.

कागदवेडी

एक राहिलं. १ मे सुट्टीचा दिवस, झेरॉक्सची बरीच दुकानं बंद असतात. २८ तारखेला बाइंडिंग टाका आणि घ्यायला गेलात की तिथेच उभं राहून सगळी पानं उलटून बघा. एखादं पान उलटं लागलेलं असतं. वायर काढून पुन्हा लावता येते, पण तीच वायर वापरली तर तोंड नीट मिटत नाही आणि पानं सुटतात. नवी लावायला सांगा.