नागपूरहून स्पीती: चंदीगडला भाड्याची गाडी घ्यावी काय?

प्रतापनगरचा_पोट्टा

नमस्कार मंडळी. विसर्जन आटोपलं का आम्ही चौघं (मी, बायको, साळा आन् त्याची बायको) दहा दिवस हिमाचलमधल्या स्पीतीला जायचं करून राहिलो. दिल्लीपर्यंत विमान, पुढे चंदीगड, आणि तिथून सेल्फ-ड्राइव्ह गाडी. आतापर्यंत तीन भाव आले आहेत. छोटी हॅचबॅक रोजचे २,२००, एसयूव्ही ३,८००, आणि साळ्याच्या ओळखीतला एक जण त्याची घरची गाडी १,८०० मध्ये द्यायला तयार आहे, कागदांची कटकट नाही म्हणतो.

रस्ता चंदीगड–मनाली–काझा–शिमला असा ठरवला आहे. साळा म्हणतो, जमलं तर लडाखमधला पँगाँग तलावही करून येऊ. घाटात गाडी चालवायचा माझा अनुभव म्हणजे चिखलदरा, तोही दोनदा. खरं सांगा, जमेल काय?

बर्डीचा_भाऊ

आपली गाडी काढ ना भाऊ. ४४ नंबरचा हायवे नागपुरातूनच जातो, धरला का सरळ दिल्ली. भाडं नाही, डिपॉझिट नाही, वाटेत कोणाचा फोन नाही.

घाटरोडवाली

भाऊ, दिल्लीच हजार-अकराशे किलोमीटर आहे. दहा दिवसांतले चार तिथेच गेले, मग स्पीतीत काय फक्त फोटो काढून परतायचं?

प्रतापनगर, तुम्ही आधी ती घरची गाडी डोक्यातून काढा. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने देताच येत नाही. सेल्फ-ड्राइव्हच्या गाडीला काळी पाटी आणि त्यावर पिवळे आकडे असतात. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवताना काही झालं तर विमावाले हात वर करतात, आणि गाडीमालक तुम्हाला ओळखतही नाही म्हणेल.

दोन वर्षांपूर्वी मी आणि आमचे हे, दोघंच गेलो होतो. काळ्या पाटीची एसयूव्ही, कागद चोख. गाडी द्यायला आलेल्या पोराने संध्याकाळी साडेसातला अंधारात चावी हातात ठेवली. मी मोबाइलच्या उजेडात चारी बाजूंनी व्हिडिओ काढला, ओरखडे मोजले, आणि स्वतःवर खूश झाले. डिकी उघडून कॅमेरा आत फिरवला, पण डोळ्यांनी काही पाहिलं नाही.

शिमल्याकडून चढताना नाको गाव सोडलं, मलिंग नाल्याच्या अलीकडे उजवं मागचं चाक बसलं. टायरला बाजूने बोटभर चीर. स्टेपनी काढली तर पोळपाटासारखी गुळगुळीत. जॅक होता, त्याचा दांडा नव्हता. एका बाजूला सुटे दगड, दुसऱ्या बाजूला दरी, आणि आमचे हे मॅन्युअल वाचून राहिले! मोबाइलला रेंज नाही. पाऊण तासाने सफरचंदांच्या पेट्या लादलेली एक पिकअप थांबली. ड्रायव्हरने न विचारता आपला दांडा काढला, चाक बदललं, नटांवर पाय देऊन पाना आवळला. पैसे घेईना. शेवटी संत्रा बर्फीचा डबा दिला, तो मात्र हसत घेतला.

काझात पंक्चरवाल्याने चिरेत बोट घालून दाखवलं. म्हणाला, बाजूने फाटलेला टायर शिवून या रस्त्यावर चालवायचा नसतो, आणि या मापाचा नवा इथे मिळणार नाही. गुळगुळीत स्टेपनीवर मनालीकडची कुंझुम खिंड चढायची माझी तयारी नव्हती. आलो त्याच रस्त्याने परत फिरलो. तिकडचं चंद्रताल सरोवर राहिलं ते राहिलंच. चंदीगडला कंपनीने डिपॉझिटमधून ९,००० कापले. करारात बारीक अक्षरांत होतं, टायर, काच आणि गाडीचं पोट विम्यात नाही. त्या टायरचे पैसे देणं बरोबरच होतं. पण स्टेपनीही आम्हीच झिजवली म्हणाले, तेव्हा व्हिडिओ कामी आला. डिकीचे जेमतेम चार सेकंद, पण टायर स्पष्ट दिसत होता.

आता तुमचा रस्ता. उलटा करा. शिमल्याकडून चढा, मनालीकडून उतरा. आपलं नागपूर तीनशे मीटरवर. मनालीहून निघाल्या दिवशीच कुंझुमच्या ४,५५१ मीटरवर गेलात तर डोकं धरून बसाल. शिमला, कल्पा, नाको, ताबो अशा मुक्कामांनी शरीराला सवय होते. ताबोला घाई करू नका, तिथला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, इ.स. ९९६ चा आहे. बाहेरून साधी मातीची भिंत, आत गेल्यावर बोलवत नाही.

पेट्रोल रिकाँग पिओच्या खाली पोवारीला भरा. पुढे काझापर्यंत दोनशेच्या आसपास किलोमीटर पंप नाही. काझातला पंप ३,७४० मीटरवर आहे. तिथून मनालीकडे निघतानाही टाकी काठोकाठ हवी.

मोहालीतला_वैदर्भी

काकूंनी स्टेपनीचं सांगितलं, मी कराराचं सांगतो. इथल्या काही कंपन्यांना स्पीतीचं नाव काढलेलं चालत नाही. गाडीत जीपीएस असतो, हद्दीबाहेर गेलात की दंड. तोंडी "हो सर, कुठेही न्या" वर जाऊ नका. काझा आणि कुंझुम ही नावं करारात नाहीतर निदान मेसेजमध्ये लिहून घ्या.

पँगाँग विसरा. बाहेरची भाड्याची गाडी लेहपर्यंत पोचते, पण पुढे पँगाँग-नुब्राला तिथले टॅक्सीवाले जाऊ देत नाहीत, अडवून परत पाठवतात.

मनालीकडे उतरताना अटल टनेलमधून येता येतं, त्याला रोहतांग खिंडीचा परवाना लागत नाही. पण त्याआधीचा बातल ते ग्रांफू हा पट्टा म्हणजे रस्ता कमी आणि नदीचं पात्र जास्त. बर्फ वितळून दुपारी नाले फुगतात, म्हणून काझाहून पहाटेच निघा. काझा-मनाली जेमतेम दोनशे किलोमीटर, पण दिवस त्यातच जातो.

प्रतापनगरचा_पोट्टा

काकू, दादा, दोघांचेही आभार जी. पण हॅचबॅक अगदीच नको काय? दहा दिवसांत सोळा हजारांचा फरक पडून राहिला.

मोहालीतला_वैदर्भी

हॅचबॅकही जातात, मी स्वतः पाहिल्या आहेत. पण त्यात दोघं असतात. चौघं आणि बॅगा घातल्या की गाडी बसते, आणि एखाद्या नाल्यात दगडाने इंजिनखालचा ऑइलचा चेंबर फोडला की सोळा हजार तिथेच वाहून गेले. त्यात कुंझुमला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्केही नाही. साधं पेट्रोल इंजिन तिथे दमेकऱ्यासारखं चढतं. टर्बो असेल तर बरंच सुसह्य. आणि उतारावर ब्रेक दाबून ठेवू नका, ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. चिखलदऱ्याला चालून गेलं असेल, इथे ब्रेकचा वास येईल.

प्रतापनगरचा_पोट्टा

आज फोन केले. हॅचबॅकवाल्याने काझा ऐकताच "नही सर" म्हणून ठेवून दिला. एसयूव्हीवाला मेसेजमध्ये लिहून द्यायला तयार आहे. स्टेपनीचा फोटो मागितला तर दोन मिनिटं गप्प, मग म्हणे, "नया डलवा देंगे." घरच्या गाडीवाल्याला नाही कळवलं. साळा पँगाँगवरून रुसून बसला आहे.

काकू, बर्फीचे डबे किती घेऊ?

घाटरोडवाली

चार. तीन घेतले तर चंदीगड यायच्या आत साळाच संपवेल. आणि जॅकचा दांडा हातात धरून बघा, फोटोवर जाऊ नका.