मदत हवी आहे: उजव्या हाताचं ४५ टक्के दिव्यांगत्व, सीएचएसएल आणि एमपीएससी गट-क चे अर्ज

दादर_पूर्व
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारतेय. सीएचएसएल (केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाची, म्हणजे एसएससीची, बारावी पातळीची भरती परीक्षा) आणि एमपीएससी (राज्य लोकसेवा आयोग) गट-क, दोन्हींचे अर्ज भरायचेत. वय ३४, बी.कॉम., ओबीसी. उजव्या हाताच्या बोटांना पकड नाही, डाव्या हाताने सावकाश लिहितो. २०१४ चं कागदी प्रमाणपत्र आहे: ४५ टक्के, कायमस्वरूपी. यूडीआयडी (दिव्यांगांचं केंद्राचं ओळखपत्र) काढलेलं नाही. वयात बसतो का? जुनं प्रमाणपत्र चालेल का? लेखनिक (परीक्षेत उमेदवार सांगेल ते लिहून देणारा) मिळेल का? कार्डासाठी पुन्हा तपासणी झाली आणि टक्के ४० च्या (आरक्षणाच्या किमान मर्यादेच्या) खाली गेले, तर काय, ही सगळ्यात मोठी भीती आहे.

शीव_सर्कल
ताई, वयाची काळजी नको. सीएचएसएलची मर्यादा २७. दिव्यांगांना १० वर्षं सवलत आणि ओबीसी असल्यास १३, म्हणजे ४० पर्यंत. मात्र ओबीसीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला हवा. राज्याचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर जोडून एसएससीच्या कागदपत्र पडताळणीला गेलं, की तिथे अडतं. एमपीएससीला दिव्यांगांसाठी ४५ ची मर्यादा आहे, तिथे राज्याचा दाखला आणि सोबत अधिवास प्रमाणपत्र.

जुनं प्रमाणपत्र १९९५ च्या कायद्याखालचं आहे. २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, त्यानंतर नमुने बदलले आणि आता यूडीआयडीच मागतात. म्हणून अर्जाची वाट न बघता आजच स्वावलंबन पोर्टलवर (यूडीआयडीच्या सरकारी संकेतस्थळावर) नोंदणी करा. "आधीचं प्रमाणपत्र आहे" हा पर्याय निवडून दोन्ही बाजूंचं स्कॅन चढवा. जिल्हा निवडताना चूक होते: दादर मुंबई शहर जिल्ह्यात येतं, पण आधारवर पत्ता कुर्ल्याचा किंवा बोरिवलीचा असेल तर तो मुंबई उपनगर. पत्ता एका जिल्ह्याचा आणि निवडलेलं रुग्णालय दुसऱ्या जिल्ह्याचं, अशा अर्जात अकारण अडथळा येतो.

दुसरी चूक नावाची. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, कार्डावर वडिलांचं नाव गळलेलं. परीक्षेच्या अर्जात दहावीप्रमाणेच नाव लागतं, त्यामुळे कार्डही त्याच क्रमाने मागा. छापून आल्यावर दुरुस्ती करायला पुन्हा सगळी रांग.

हाजीअली_स्टॉप
टक्केवारीबद्दल. पुन्हा बोलावलंच, तर रिकाम्या हाताने जाऊ नका. मज्जातंतूच्या इजेत ईएमजी-एनसीव्हीचा (स्नायू आणि मज्जातंतूंच्या तपासणीचा) अहवाल, शस्त्रक्रिया झाली असल्यास डिस्चार्ज कार्ड, आणि जुन्या वैद्यकीय मंडळाचा मूळ कागद न्या. हाताचं मूल्यमापन सांध्यांची हालचाल, स्नायूंची ताकद आणि हाताच्या कामाचा समन्वय यांवरून होतं. बटण लावणं, लिहिणं, वस्तू उचलणं यांत काय जमत नाही हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. भिडेपोटी "जमतं थोडंफार" म्हणू नये, ते तसंच नोंदलं जातं. हाजी अलीची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था अस्थिव्यंगाचंच (हातापायांच्या, हालचालीच्या दिव्यांगत्वाचंच) काम करते, नोंदणीत ती पर्यायात दिसली तर तीच घ्या. निर्णय चुकीचा वाटला तर कायद्यात अपिलाची सोय आहे.

कार्डाच्या मागे लागायची वेळ आजची, जाहिरात निघाल्यावरची नाही. आरक्षणाचा दावा अर्जाच्या अंतिम तारखेला बसायला हवा.

गोदी_लिपिक
लेखनिकाबाबत गैरसमज फार आहेत, म्हणून जरा सविस्तर. ४० टक्के म्हणजे लेखनिक आपोआप, असं नाही. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अंधत्व, दोन्ही हात बाधित असणं आणि सेरेब्रल पाल्सी या तीन गटांना मागितला की मिळतो. एकच हात बाधित असेल, तर "लिहिण्यास शारीरिक मर्यादा आहे" असं वेगळं प्रमाणपत्र लागतं, जाहिरातीसोबतच्या परिशिष्टातल्या नमुन्यात. सही शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांची किंवा जिल्हा शल्यचिकित्सकांची. निवासी डॉक्टरची सही आणि विभागाचा शिक्का चालत नाही. परीक्षा केंद्रावर हे कळलं, तर त्या दिवशी काहीच करता येत नाही.

भरपाईचा वेळ तासाला २० मिनिटं. सीएचएसएलचा ६० मिनिटांचा पहिला टप्पा ८० मिनिटांचा होतो. पण अर्जात "लेखनिक हवा" आणि स्वतःचा की आयोगाचा, हे त्याच वेळी भरायचं. नंतर सुधारणा खिडकी उघडली तरच बदलता येतं. लेखनिकाची शैक्षणिक मर्यादा प्रत्येक जाहिरातीत वाचा. पदवीधर भाचा आणला म्हणून उमेदवारी बाद होऊ शकते.

दादर_पूर्व
खूप उपयोग झाला. टायपिंगचं काय? एका हाताने वेग येत नाही.

गोदी_लिपिक
सीएचएसएलमध्ये कनिष्ठ लिपिक पदासाठी, टंकलेखन कायमचं अशक्य आहे असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र दिल्यास सूट मिळते. डेटा एंट्री ऑपरेटरच्या कौशल्य चाचणीला मात्र सूट नाही, तेव्हा पसंतीक्रम लावताना ते पद वर टाकू नका. एमपीएससीत कर सहायक आणि लिपिक-टंकलेखक यांना टंकलेखनाची अर्हता लागते, ती आधी तपासा.

शीव_सर्कल
एक राहिलं. दिव्यांगांच्या ४ टक्के आरक्षणात अस्थिव्यंगाच्या गटाला १ टक्का आहे, पण पद त्या प्रकारासाठी सुनिश्चित (योग्य म्हणून ठरवलेलं) असावं लागतं. जाहिरातीत पदासमोर संक्षेप असतात: एक हात, एक पाय, दोन्ही पाय वगैरे. त्याखाली कामाच्या गरजा: बसणं, चालणं, बोटांनी हाताळणं, लिहिणं-वाचणं. प्रकारात "एक हात" आहे आणि गरजांत "बोटांनी हाताळणं" आहे, असं दिसलं तरी घाबरून अर्ज सोडू नका. दुसऱ्या हाताने किंवा साधनाने ते काम होत असेल तर चालतं. "एक हात" लिहिलेलंच नसेल, तर मात्र आरक्षित जागेवर दावा टिकत नाही.

हे आरक्षण समांतर आहे. सवलतीचे निकष न वापरता गुणवत्तेत आला, तर दिव्यांगांच्या जागेत त्याची गणना होत नाही, ती जागा पुढच्या दिव्यांग उमेदवाराला राहते. एमपीएससीच्या प्रोफाइलमध्ये दिव्यांगत्वाचा प्रकार, टक्के आणि यूडीआयडी क्रमांक अर्ज करण्याआधी भरा. अर्ज केल्यावर प्रोफाइल बदलून आधीच्या अर्जातला दावा बदलत नाही.

दादर_पूर्व
नोंदणी आज रात्रीच करते. ईएमजीचा अहवाल २०१४ चाच आहे, नवा काढू का?

हाजीअली_स्टॉप
काढा. जुनाही सोबत ठेवा. दोन्हींतली इजा सारखी दिसली, की "कायमस्वरूपी" हा शेरा टिकवायला मदत होते.