१×३० बेल्ट ग्राइंडर: पैसे आधी कशात घालावेत?

कोयताकट्टा
मशीन १×३० इंची (२५×७६२ मिमी), सिंगल फेज, २८०० आरपीएम, ड्राइव्ह चाक ११५ मिमी. काम: ईएन-३१ (बेअरिंगचं पोलाद)ची स्वयंपाकाची पाती, १५० मिमीपर्यंत. बेव्हलमध्ये (धारेकडच्या उतारात) लाटा येतात, बेल्ट एका कडेला पळतो, पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) पातं टोकाशी निळं पडतं. बजेट ५ हजार. व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) घेऊ का?

ऐरणवाला
व्हीएफडी तूर्त विसरा. कपॅसिटरवाली सिंगल फेज मोटर त्यावर नीट चालत नाही. पंख्याचा डिमर तर मुळीच नको, मोटर जळेल.

लाटांचं मूळ प्लेटन, म्हणजे बेल्टमागची आधाराची सपाट पट्टी. पत्रा दुमडून केलेला असतो, दाबला की मागे जातो. तो काढून २५×६ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी बसवा. पट्टीचा दर्शनी भाग दोन चाकांच्या रेषेपेक्षा १-२ मिमी पुढे हवा, नाहीतर बेल्ट त्यावर टेकतच नाही. पट्टीवर सिरॅमिक काच चिकटवा. बिघडलेल्या इंडक्शन शेगडीची वरची काच चालते. डायमंड चकतीने पाणी सोडत कापा, गॉगल घालून; टेम्पर्ड निघाली तर क्षणात चुरा होतो. पट्टी ८० ग्रिटने खरवडा, अ‍ॅसिटोनने पुसा, सावकाश सुकणारं अ‍ॅराल्डाइट लावून २४ तास ठेवा. ते तापल्यावर मऊ पडतं आणि बेल्ट काचेला खाली ओढतो, म्हणून काचेखाली एम-४च्या दोन स्क्रूंवर छोटी टेकण द्याच. काचेची वरची कड गोल करा, नाहीतर बेल्टचा सांधा दर फेऱ्याला आपटेल.

नागदेवीकर
प्लेटन मान्य, पण उरलेले पैसे बेल्टमध्ये घाला. मशीनसोबत येणारे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे बेल्ट कडक पोलादावर लगेच बोथट होतात. मग माणूस जोर लावतो आणि पातं तापतं. सिरॅमिक ३६ किंवा ६०, पुढे १२०, शेवटी ४०० पुरे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला पाहा. मागे बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने चढवा, उलटा लावला की सांधा उकलतो.

बेल्ट पळतोय तर आधी चाकं हाताने हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल तर ट्रॅकिंगचा (बेल्ट मध्यावर आणायचा) स्क्रू कितीही फिरवा, उपयोग शून्य. बेअरिंग ठीक असेल तर वरच्या चाकाचा मध्य कडांपेक्षा किंचित उंच हवा. लेथवाल्याकडून अर्धा मिमी क्राउन काढून घ्या. चाकावर टेप गुंडाळायचा सल्ला सगळीकडे मिळतो. तपासण्यापुरता ठीक, गरम झाला की सरकतो.

कोयताकट्टा
निळं पडलेलं घासून काढलं तर चालेल ना?

ऐरणवाला
नाही. रंग पृष्ठभागावरचा, मऊपणा आतपर्यंत. ईएन-३१चं टेम्परिंग (पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा तापवणं) साधारण २०० अंशांवर होतं, निळा रंग ३००च्या आसपास येतो. म्हणजे धारेचं पाणी उतरलं. तेवढा भाग कापून धार मागे घ्या, किंवा पुन्हा पाणी द्या.

तुमचा बेल्ट सेकंदाला जवळपास १७ मीटर पळतो, कडक पात्याला हे फारच. म्हणून निम्म्याहून अधिक बेव्हल पाणी देण्याआधीच काढा, धारेशी ०.७ मिमी जाडी राखा. नंतर उघड्या बोटांनी धरा, प्रत्येक पासनंतर बादलीत बुडवा. बोटाला चटका बसला की थांबायचं. हातमोजे नकोत, बेल्टने पकडले तर बोटासकट ओढतो.

तीनफेज
पुढेमागे मोटर बदलायची झालीच तर अर्धा एचपी, थ्री फेज, १४४० आरपीएम. त्याच चाकावर ५० हर्ट्झला सेकंदाला सुमारे ८.७ मीटर मिळतात, २५ला निम्मे. २० हर्ट्झखाली फार वेळ चालवू नका, मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो. २३० व्होल्टच्या व्हीएफडीसाठी वायंडिंग डेल्टात हवं (स्टार आणि डेल्टा या वायंडिंगची टोकं जोडायच्या दोन पद्धती). आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या मोटरी ४१५ व्होल्ट स्टारच्या असतात, कधी बाहेर तीनच वायरी येतात. घेण्याआधी झाकण उघडून सहा टोकं मोजा. तीनच असतील तर रिवायंडिंगवाल्याकडून बाकीची बाहेर काढून घ्यावी लागतील. व्हीएफडी बंद डब्यात ठेवा, लोखंडाची धूळ आत गेली की शॉर्ट ठरलेला. अर्थिंग न विसरता.

नागदेवीकर
आणि मुठीचं लाकूड घासण्याआधी मशीनखालची लोखंडी धूळ झाडून टाका. ठिणगी लाकडाच्या भुशात तासभर धुमसत राहते.