दुसरी की तिसरी : शुक्रवारच्या आत उत्तर हवे आहे

प्रेषक : ईराची आई, वडाळा
सोमवार, रात्री ११.२०

सप्रेम नमस्कार.

आम्ही सिंगापूर सोडून मुंबईला परतलो तेव्हा निरोपाच्या जेवणाला जे होते त्यांना मागचे सगळे ठाऊक आहे, म्हणून थेट अडचणीवर येते. मुलींच्या दोन्ही शाळांनी ईराला होकार कळवला आहे, पण फोर्टची शाळा तिला तिसरीत घेणार म्हणते आणि घराजवळची शाळा दुसरीत. दोघींची मुदत शुक्रवारची आहे आणि एकदा भरलेली फी परत मिळणार नाही, हे दोन्हीकडच्या ऑफिसांनी मला तितक्याच गोड आवाजात सांगितले आहे.

ईराचा जन्म ऑक्टोबर २०१८ चा. सिंगापूरला मूल ज्या वर्षात सात वर्षांचे होते, त्या वर्षीच्या जानेवारीत पहिली सुरू होते, त्यामुळे तिची पहिली नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली. इथे शैक्षणिक वर्षातल्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण होणारे मूल त्या वर्षी पहिलीत बसते, म्हणून तिच्या वयाच्या मुली आता दुसरी संपवत आल्या आहेत. फोर्टच्या शाळेने वय पाहिले आणि घराजवळच्या शाळेने प्रगतिपुस्तक पाहिले, एवढाच काय तो फरक.

ज्यांनी परत आल्यावर मुलीला एक इयत्ता वर किंवा खाली बसवले असेल त्यांनी कृपया अनुभव लिहावा. मुलींची शाळा असावी की नसावी हा विषय आमच्या घरी मिटलेला आहे, तेव्हा तो इथे निघू नये, ही विनंती.

प्रेषक : अन्वीची आई, हिंदू कॉलनी
मंगळवार, सकाळी ७.०५

प्रथम ईराचे अभिनंदन. येत्या वर्षी तिसरीत एकच जागा रिकामी होत आहे, असे मला ऑफिसातून फार पूर्वीच समजले होते, त्यामुळे ती आपल्यापैकी कोणाला मिळाली याचा खरोखर आनंद वाटला.

तिसरीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फोर्टच्या शाळेत क्रमांक काढत नाहीत, वर्गातले ग्रंथालय मुलींच्याच ताब्यात असते, आणि जी मुलगी थोडी मागे असते तिला शिक्षिका मधल्या सुट्टीनंतर जवळ बसवून घेतात. अन्वी तिथे पहिलीपासून आहे, त्यामुळे मी हे ऐकीव सांगत नाही. मराठीची चिंता तर अजिबात करू नये, कारण आमच्याकडे मराठी फारच सौम्य आहे. येण्याजाण्यासाठी आमची व्हॅन आहे. ती शीवहून निघते आणि इस्टर्न फ्रीवेने जाते. सध्या तिच्यात जागा नाही, पण जूनपर्यंत होईल.

फक्त एक सुचवावेसे वाटते. वर्गाच्या दोन तुकड्या आहेत, आणि ओळखीच्या मुली एकाच तुकडीत आल्या की त्या एकमेकींना सोडत नाहीत, म्हणून ईरासाठी दुसरी तुकडी मागून घेणे तिच्याच हिताचे ठरेल.

प्रेषक : मिहिकाचे बाबा, शीव
मंगळवार, सकाळी ९.४०

अन्वीच्या आईंनी शाळेबद्दल लिहिले आहे ते मान्य करूनही रस्त्याबद्दल कोणीतरी बोलायला हवे. सात वर्षांच्या मुलीला पावणेसहाला उठवायचे, अर्धवट झोपेत दूध पाजायचे आणि व्हॅनमध्ये कोंबायचे, हे एखाद्या सहलीपुरते ठीक आहे, दहा वर्षांसाठी नाही. व्हॅन चुकली तर हार्बर लाइनच्या लोकलने शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड रोड, सँडहर्स्ट रोड, मसजिद अशी स्थानके मोजत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे, आणि पुढे गर्दीतून दप्तर सांभाळत चालायचे. जुलैत रुळांवर पाणी आले की शाळा मुलींना सोडत नाही आणि पालकांना तिथवर पोहोचता येत नाही. आमच्या शेजारच्या मुलीला तिचे वडील अशा एका दिवशी रात्री साडेनऊला घेऊन आले होते, आणि तिने मधल्या वेळेत फक्त एक ग्लुकोजचा पुडा खाल्ला होता.

घराजवळची शाळा घ्यावी. इयत्ता कोणती, हा प्रश्न मला त्यामानाने गौण वाटतो.

प्रेषक : अप्पा, गोरेगाव
मंगळवार, दुपारी १.१५

ईराला फोर्टच्या शाळेत प्रश्न विचारण्यात आले होते काय, हे तिच्या आईने लिहिलेले नाही. शिक्षण हक्क अधिनियम, २००९ च्या कलम १३ नुसार प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा पालकांची कोणतीही चाळणी लावता येत नाही. पहिल्या उल्लंघनाला २५,००० रुपयांपर्यंत आणि त्यापुढच्या प्रत्येकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. ‘आम्ही फक्त गप्पा मारल्या’ हे शाळांचे नेहमीचे उत्तर असते. माझ्या नातीच्या वेळी एका शाळेने माझ्या जावयाला त्याचे शिक्षण, हुद्दा आणि घर स्वतःचे आहे की भाड्याचे, हे विचारले होते. त्याने मुकाट्याने उत्तरे दिली आणि मला महिन्याने सांगितले.

प्रेषक : समन्वयक
मंगळवार, दुपारी ३.५०

अप्पांचा मुद्दा योग्य असला तरी इथे उपयोगी नाही. मुंबईतल्या जुन्या मुलींच्या शाळांपैकी बऱ्याच ख्रिस्ती किंवा पारशी संस्थांच्या आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना हा अधिनियम लागू होत नाही. ईराच्या दोन्ही शाळा त्यात मोडतात.

दुसरे असे की आपल्या गटाचा शाळांचा तक्ता गेली चार वर्षे मी सांभाळत आहे. त्यात शिक्षण मंडळ, फीचा अंदाज, अर्जाचा महिना आणि बसची सोय एवढेच रकाने आहेत. काल रात्री कोणीतरी ‘वातावरण’ असा नवा रकाना घालून फोर्टच्या शाळेपुढे ‘घरंदाज’ आणि घराजवळच्या शाळेपुढे ‘ठीक’ असे लिहिले. तो रकाना मी काढला आहे. तक्त्यात कोणी परस्पर काही वाढवायचे नाही, असे मागच्या वर्षी आपण ठरवले होते ते सर्वांच्या लक्षात असेल, असे मी धरून चालतो.

प्रेषक : अन्वीची आई, हिंदू कॉलनी
मंगळवार, सायंकाळी ६.३०

रकाना मी घातला होता आणि त्यात चूक काय, हे मला समजले नाही. वातावरण पाहूनच आपण शाळा निवडतो, फक्त ते लिहीत नाही.

मिहिकाच्या बाबांच्या पत्राविषयी मात्र लिहावेच लागेल. फोर्टच्या शाळेच्या प्रतीक्षा यादीत तिसरीसाठी मिहिकाचे नाव आहे, ही गोष्ट ईराच्या आईला सल्ला देण्यापूर्वी त्यांनी सांगायला हवी होती. शिवाय शीव हे फोर्टपासून वडाळ्यापेक्षा लांब आहे, जवळ नाही. ईराला जो रस्ता झेपणार नाही तो मिहिकाला कसा झेपेल, हे त्यांनी स्पष्ट करावे.

प्रेषक : मिहिकाचे बाबा, शीव
मंगळवार, रात्री १०.१०

होय, मिहिकाचे नाव यादीत आहे. मी ते लपवले नव्हते, कोणी विचारले नव्हते. पण त्यामुळे जुलैतले पाणी रुळांवरून ओसरत नाही. मिहिकाची आजी माझगावला राहते आणि शाळा सुटल्यावर मिहिका तिथेच थांबणार आहे, त्यामुळे आमचा हिशेब वेगळा आहे. ईराच्या आईंनी माझे म्हणणे हे ध्यानात ठेवून हवे तेवढे कमी धरावे, पण खोटे धरू नये.

मिहिकाचे नाव यादीत आहे हे अन्वीच्या आईंना कसे समजले, हेही जाणून घ्यायला आवडेल.

प्रेषक : माई, गिरगाव
बुधवार, सकाळी १०.००

बाळांनो, तुमचे वाचून मला माझ्या शाळेचा दाखला काढून पाहावासा वाटला. त्यावर माझी जन्मतारीख १ जून आहे. माझ्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तीच असते, कारण गुरुजींना जून महिन्यात मूल वर्गात बसवायचे असे आणि १ जून लिहिली की कोणाचेच काही अडत नसे. मी खरी जन्मले भाद्रपदात, म्हणजे वर्गात बसले तेव्हा मला नियमाला हवे होते तेवढे वय नव्हतेच.

त्याचा परिणाम काय झाला, ते सांगते. आमची शाळा मुलींची होती, त्यामुळे स्नेहसंमेलनात शिवाजी महाराजही मुलगीच आणि अफजलखानही मुलगीच. डिंकाने मिशा चिकटवत आणि नंतर त्या खोबरेल तेल लावून सोडवाव्या लागत. पण महाराजांची भूमिका वर्गातल्या थोराड मुलींकडे जाई आणि मी सात वर्षे ओळीत शेवटचा मावळा झाले. अभ्यासात मी कधी मागे पडले नाही. मागे पडले ते धावण्यात, आवाजात आणि भांडणात, आणि त्याचे दुःख मला मॅट्रिक होईपर्यंत होते. वर्गात सगळ्यांत लहान असणे म्हणजे काय, हे प्रगतिपुस्तकात दिसत नाही.

आणि घरंदाज शाळेबद्दल : १८४९ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या तरुणांनी, त्यांत दादाभाई नौरोजीही होते, मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या, तेव्हा ते स्वतः पगार न घेता शिकवत. त्या वेळी घरंदाज म्हणवणारी माणसेच मुलींना पाठवायला तयार नव्हती. एवढे त्या रकान्यापुरते.

प्रेषक : अप्पा, गोरेगाव
बुधवार, सकाळी ११.२५

माईंच्या १ जूनवरून आठवले. माझ्या धाकट्या भावाची आणि माझी जन्मतारीख शाळेत एकच लागली होती, वर्षही एकच. पेन्शनच्या वेळी आम्ही दोघे एकाच दिवशी निवृत्त झालो आणि बँकेने आम्हांला जुळे ठरवले. ईराचा जन्मदाखला मूळ प्रतीसह जवळ ठेवावा आणि शाळेने लिहिलेली तारीख स्वतः वाचून पाहावी, एवढे माझे सांगणे आहे.

प्रेषक : ईराची आई, वडाळा
गुरुवार, रात्री ९.४५

सर्वांचे आभार. मी आज सुट्टी घेऊन दोन्ही शाळांत पुन्हा जाऊन आले.

फोर्टच्या शाळेत मी तिसरीचे मराठीचे वर्ष कसे असते ते विचारले. तेव्हा बाई म्हणाल्या की काळजी नको, ती सवयीने शिकेल. मला ते उत्तर पुरले नाही. २०२० च्या कायद्याने मराठी सर्व मंडळांच्या शाळांत सक्तीची झाली आहे, म्हणजे तिसरीतल्या मुली पहिलीपासून दोन वर्षे मराठी शिकून आलेल्या असणार. सिंगापूरच्या शाळेत ईराला मातृभाषेच्या तासाला हिंदी होती, कारण तिथे भारतीय भाषांत तमिळ, हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू घेता येतात, मराठी नाही. तिथल्या महाराष्ट्र मंडळाचा मराठीचा रविवारचा वर्ग होता, पण त्यातली निम्मी सकाळ नाटकाच्या तालमीत जात असे, हे इथल्या सर्वांना माहीत आहे.

घराजवळच्या शाळेत बाईंनी तिला पाच ओळी शुद्धलेखन घातले. तिने अक्षर सुरेख काढले आणि ‘शाळा’ दोन्ही वेळा ‘शाला’ लिहिली. बाईंनी खोडले नाही. शेजारी एक मोठा ‘ळ’ काढला आणि त्याच्यावरून बोट फिरवायला लावले. ईराने तीनदा फिरवले आणि मग विचारले की हा इंग्रजी आठ आडवा का पडला आहे. वर्गातल्या तीन मुली हसल्या, त्यांत ईराही होती. नंतर बाईंनी मला तिसरीची एक वही दाखवली. त्यात ‘माझी आजी’ या विषयावर पंधरा ओळी होत्या. ईरा आज दोन ओळी लिहील, आणि तिसरीतल्या मुलींपुढे त्या दोन ओळी कोणाला दाखवणार नाही. गणितात ती दुसरीला सहज पुरेल, कदाचित कंटाळेलही, पण कंटाळ्यावर उपाय आहेत.

माझ्या सासूबाईंच्या मते वर्ष फुकट गेले. मी त्यांना माईंचे पत्र वाचून दाखवले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर म्हणाल्या की त्यांचीही जन्मतारीख १ जूनच आहे.

आम्ही घराजवळच्या शाळेत दुसरीची फी भरली. पावतीवरची जन्मतारीख अप्पांच्या सूचनेप्रमाणे वाचून पाहिली, ती बरोबर आहे. अन्वीच्या आईंनी तुकडीची काळजी केली त्याबद्दल त्यांचे आभार, आता ती करावी लागणार नाही. फोर्टच्या शाळेला उद्या सकाळी दहा वाजता फोन करून जागा सोडत असल्याचे सांगणार आहे, तेव्हा मिहिकाच्या बाबांनी फोन हाताशी ठेवावा.

प्रेषक : समन्वयक
शुक्रवार, सकाळी ८.३०

तक्त्यात नोंद केली आहे. ‘परदेशातून आलेल्या मुलीला कोणत्या इयत्तेत घेतात’ असा एक रकाना मी स्वतः वाढवत आहे. बाकीच्यांनी कृपया काही वाढवू नये.

प्रेषक : मिहिकाचे बाबा, शीव
शुक्रवार, दुपारी १२.०५

फोर्टहून फोन आला. ईराच्या आईंचे मनापासून आभार.

अन्वीच्या आईंना एक विनंती आहे. आपली व्हॅन शीवहून नेमकी किती वाजता निघते, आणि जूनच्या आधी, मुलींनी थोडे सरकून बसल्यास, त्यात एक जागा होऊ शकेल काय?